गाळून नेलेलं पाणी

भिवापूरच्या शिवारात आमची एक विहीर होती. माह्या मालकानं सोताच्या हातानं खणली. ते गेले, विहीर राहिली. पण मिरचीवर फवारायचं औषध जमिनीतून उतरलं आन पाण्याले वास येऊ लागला. बाबारावभाऊजी, म्हणजे माहे दीर, म्हणे, "वहिनी, बुजवून टाकू. एखांदं ढोर पेलं आन मेलं त?"

म्या म्हटलं, "तुमीबी रोज संध्याकाळी वास मारत येता भाऊजी, तुमाले कोणी बुजवलं काय?"

हसले, पण आयकले नाही. त्यायची पोरगी वैशाली नागपूरच्या एका कालेजात पावडर बनवते. उन्हात ठेवली का पाण्यातलं जहर तोडते म्हणे. भाऊजी बोलले, "तिच्या पावडरनं आपलं पाणी सुधरते असं ती म्हणन त थांबतो. नाही त बाजूच्या वावरात जेसीबी येऊनच राहिला." वैशालीनं फोनवर सांगतलं, "काकू, विहिरीचं पाणी जसं आहे तसं आण." झालं, निघाली मी.

तुमाले जायचं असन त सकाळची एसटी पकडा. बायांले अर्धं तिकीट. उमरेडले गाडी थांबते, तिथले आलूबोंडे गरम असन तरच खा. खिडकीजवळ बसान त कोळशाची धूळ तोंडाले पावडरवानी लागते, फकत रंग उलटा. नागपूरले उतरल्यावर आधी तर्री पोहे खाल्ले. मंग आटोवाल्यानं भाव सांगतला. म्या म्हटलं, "बापू, मले आटोत बसाचं आहे, आटो घ्याचा नाही."

वैशाली मले सरळ गच्चीवर घेऊन गेली. तिथं काचेच्या भांड्यात निळं पाणी, कपडे रंगवायच्या रंगाचं. तिनं चिमूटभर पिवळट पावडर टाकली, खाली ढवळायची मशीन चालू केली.

"आता?"

"आता काही नाही काकू. ऊनच करते सारं. ह्या पावडरवर ऊन पडलं का ती जागी होते आन रंगाचे तुकडे करते. जहराचेबी करते. पावडर मातर खर्च होत नाही, गाळून पुन्हा वापरता येते."

"म्हणजे सासूच हाय. सोता तशीच राहते, सुनेचे तुकडे करते."

वैशाली हसून हसून खाली बसली. खालच्या खोलीत तिचे सोबती अशाच पावडरनं पाण्यातून जळायचा गॅस काढून राहिले, तेबी दाखवलं. आमी टिफीन खाऊन परत आलो त निळं पाणी पार बिनरंगाचं. माह्या अंगावर काटा आला. नागपूरच्या उन्हाले शिव्या देत जल्म गेला माहा, आन ते असं कामाचं निघालं.

"आता आपलं काढ," म्या बाटली देल्ली.

तिनं उजेडात धरली. चेहरा उतरला. "काकू, हे इतकं साफ कसं?"

"अवं, चार पदरी फडक्यातून गाळलं. तुरटी फिरवली, रातभर बसू देल्लं, वरचं निवळ आणलं. माणसायपुढं गढूळ पाणी ठेवते काय कोणी? तुह्या काकाच्या विहिरीचं नाव खराब झालं असतं."

"गाळासोबत कितीक औषधबी खाली बसलं असन गं काकू. आता पावडरनं किती केलं आन तुह्या तुरटीनं किती, मी कशी सांगू?" मंग हळूच म्हणे, "दुसरं आण. पण पाणी तपासायच्या मशीनवर नंबर आता पुढच्या महिन्यातच लागन."

म्या म्हटलं, "बाबाले खोटं सांगून दे नं." तिनं नाही म्हणून मान हलवली. बरोबर केलं पोरीनं.

वापस येताना संत्रा बर्फी घेतली, भाऊजीसाठी. लाच समजा. त्यायनं दोन वड्या खाल्ल्या आन म्हणे, "वहिनी, महिनाभर कोण राखत बसते तिथं? जेसीबी उद्या जाऊन राहिला." तेबी खोटे नव्हते. बांधावर उभी राहून म्या पाह्यलं. खणायले माह्या मालकाले दोन उन्हाळे लागले होते, बुजवायले दुपारबी नाही लागली.

तुमच्याकडंबी असं कोणी पाणी मांगतलं त जसं आहे तसं न्या. लाजू नका. मले आता काशी-रामेश्वराची हौस नाही, त्या गच्चीवर मातर पुन्हा गेली असती, हातात गढूळ बाटली घेऊन.

गाळायचं फडकं अजून दोरीवर आहे. त्याच्यावर विहिरीचा गाळ वाळून कडक झाला. धुवायले हात धजत नाही. वैशालीले फोनवर म्हटलं, "फडक्यावरच्या एवढ्याशा गाळावर काही होईन काय वं तुह्या पावडरचं?"

पहिल्यांदाच ती माह्या मस्करीवर हसली नाही.