नवाबाचं अजीर्ण

एका माशाला मी आग्रह करकरून जेवू घातलं आणि तो मरायला टेकला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला ग्रह व्हायला नको.

रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन आम्ही बंगालात, गंगेकाठच्या गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, बायको सुलभा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. खालच्या मजल्यावर घोषबाबू, माझ्याच ऑफिसातले, एकटेच. एकटे म्हणजे ते आणि नवाब. नवाब हा त्यांचा काचेच्या टाकीतला ऑस्कर जातीचा मासा, चांगला वीतभर लांब, काळ्या अंगावर नारिंगी डाग. बोटाएवढा होता तेव्हा घोषबाबूंच्या पत्नीने तो बागबाजारच्या रविवारच्या बाजारातून आणला होता. त्या गेल्या, मासा राहिला. घोषबाबू संध्याकाळी घरी आले की बूट काढायच्या आधी त्याच्याशी बोलतात.

तर घोषबाबूंच्या मुलीला जमशेदपूरला बाळ झालं आणि ते दहा दिवसांसाठी निघाले. किल्ली आणि एक पाकीट घेऊन वर आले. पाकिटात लाल अळ्यांच्या गोठवलेल्या वड्या होत्या, औषधाच्या गोळ्या असतात तशा पत्र्यात बसवलेल्या.

"रोज एकदाच. दो टुकडा, बस," घोषबाबू म्हणाले. "टाकीचंच पाणी वाटीत घ्यायचं, त्यात वितळवायच्या, गाळणीतून गाळायच्या, मग थोडं थोडं द्यायचं. उरलं तर लगेच काढायचं. आणि पाणी बदलायची वेळ आली तर नळाचं ताजं नको, एक दिवस भरून ठेवलेलं."

"अहो, काळजीच करू नका," मी म्हणालो. (मी हे वाक्य म्हटलं की सुलभा काळजी करायला लागते.) आई शेजारी वाती वळत बसली होती.

मला खरी धास्ती होती ती फ्रीजरची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या फ्रीजरमध्ये आईचा खवलेला नारळ आणि सोललेले मटार, आणि त्यांच्या शेजारी आता अळ्या! मी पाकीट पाठीमागे लपवून उभा होतो.

"लपवतोस काय? दे इकडे," आई म्हणाली. "मासाच आहे तो. वरणभात खाणार आहे का?"

तिने पाकीट डब्यात घातलं, तो डबा दुसऱ्या डब्यात, वर चिठ्ठी लावली: 'नवाबाचे जेवण. इतरांनी खाऊ नये.' इतर म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

पहिले दोन दिवस मी नियमाने वागलो. पण नवाब फार प्रेमळ निघाला हो. मी दिसलो की काचेशी येऊन तोंड उघडायचा, मिटायचा, शेपटी हलवायचा. मी साताऱ्याचा माणूस. समोरच्याचं ताट रिकामं दिसलं की आमच्या हाताला राहवत नाही. पाहुणा नको म्हणाला तरी आम्ही वाढतो, आणि हा तर हो म्हणत होता. "घे रे, एक माझ्या नावाची," असं म्हणत तिसरी वडी घातली. मग सुलभाच्या नावाची. मग घोषबाबूंच्या नातवाच्या नावाची, कारण आनंदाची गोष्ट होती. चौथ्या दिवसापासून संध्याकाळची पंगतही सुरू केली. ऑफिसची घाई असली की वितळवणं, गाळणं वगैरे सोपस्कार सोडून वडी तशीच पाण्यात.

सहाव्या दिवशी खाली गेलो तर टाकीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं झालेलं. तळाशी उष्टं साचलेलं, आणि त्यात नवाब एका कुशीवर, पोट फुगवून पडलेला. काचेवर टिचकी मारली तर नुसता डोळा हलला. त्या माणसाच्या घरात बायकोच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं, आणि ते मी खाऊ घालून मारत होतो.

माझी हाक ऐकून आई गुडघे धरत जिना उतरून आली. एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा माशाकडे, मग बराच वेळ माझ्याकडे.

"किती घातलंस?"

"थोडं जास्त झालं असेल."

"अजीर्ण झालंय त्याला. लंघन. आजपासून कणभर नाही. वरच्या बादल्या आण."

आमच्या न्हाणीघरात कायम चार बादल्या भरलेल्या असतात. साताऱ्याला पाणी दिवसाआड यायचं, ती सवय तिने इथे गंगेच्या काठीही सोडलेली नाही. मी रोज त्यावरून तिची थट्टा करायचो. त्या दिवशी गुपचूप चार खेपा केल्या.

टाकीतलं पाणी काढायला रबरी नळी सापडली. "तोंडाने ओढ," आई म्हणाली. ओढलं. जरा जास्तच ओढलं. आमच्या सगळ्या पिढ्यांचा शाकाहार त्या एका घोटात संपला.

"आई, तोंडात अळी गेली!"

"चूळ भर. नळी सोडू नकोस."

ती स्वतः पदर खोचून घरातली चहाची गाळणी घेऊन उष्टं काढत होती. जिने जन्मात मासळीबाजाराची वाट धरली नाही, ती अळ्यांचा चिखल भांडं विसळावं इतक्या सहज उपसत होती. मला तिचा असा काही अभिमान वाटला की क्षणभर मी माझा अपराधही विसरलो.

तेवढ्यात घोषबाबूंचा व्हिडिओ कॉल. त्यांना नवाब बघायचा होता. मी पंखा दाखवला, खिडकी दाखवली, नेटवर्क खराब आहे म्हणालो. आईने ओला हात पुसून माझ्याकडून फोन काढून घेतला.

"घोषबाबू, मेरे लड़के ने मछली को बहुत खिलाया। अजीर्ण हुआ है। मैं देखती हूँ।" आणि फोन सरळ टाकीसमोर धरला.

पलीकडून बारीक आवाज आला, "मासीमा, आपनि आछेन तो?" आई बंगाली शिकलेली नाही. तरी ती म्हणाली, "आहे ना मी."

दोन दिवस ती सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन बसली. रोज थोडं पाणी बदललं, एक दाणा दिला नाही. तिसऱ्या दिवशी नवाब सरळ झाला आणि काचेशी आला. आईने अर्धी वडी वितळवून, गाळून दिली. तो तोंड उघडून आणखी मागत होता. तिने ढुंकून पाहिलं नाही.

घोषबाबू आले ते सामान दारात टाकून थेट टाकीपाशी. बराच वेळ बघत राहिले, डोळे पुसले आणि वर येऊन आईच्या पाया पडले. दुर्गापूजेनंतर त्यांना पुन्हा नातवाकडे जायचं होतं. त्यांनी आत्ताच किल्ली तिच्या हातात ठेवली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मासीमा, बस एक बात. घर के बच्चों को फ्रीजर के पास मत जाने देना।"

"नहीं जाने दूँगी," आई गंभीरपणे म्हणाली.

आमच्या घरात मूल एकच आहे. ते पुढच्या महिन्यात त्रेपन्न वर्षांचं होईल.