शाळा बोर्डापुढे दशावतार

मला त्या सभेत फक्त दोन वाक्यं बोलायची होती. 'माझी मुलगी या शाळेत शिकते आणि आमचा धर्म वेगळा आहे. विज्ञानाच्या तासाला एकाच धर्माचा ग्रंथ शिकवणं तिच्यावर अन्यायाचं होईल.' लेकीच्या बायॉलॉजीच्या बाईंनी ती इंग्रजीत एका कार्डावर लिहून दिली होती. तेवढी बोलून मी खाली बसले असते, तर पुढचं काहीही घडलं नसतं. पण मला राग आला, आणि राग आला की मला गप्प बसता येत नाही. हा दोष माझ्या आईने मी दहा वर्षांची असतानाच हेरला होता.

ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. नवऱ्याला रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये नोकरी लागली होती आणि परवडणारं घर मिळालं ते तिथून तासाभरावर, नॉर्थ कॅरोलायनातल्या तंबाखूच्या शेतांमधल्या एका गावात. गावात आमचं एकच भारतीय घर. नवीन ओळख झाली की लोक विचारत, "तुम्ही कोणत्या चर्चमध्ये जाता?" जाता का, असं कुणी विचारत नसे. माणसं वाईट नव्हती. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात तीन घरांतून भेट म्हणून सफरचंदाचे गोड 'अ‍ॅपल पाय' आले. पण आपण म्हणतो तेच खरं, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आलेली नव्हती.

लेक नववीत होती. तिच्या या बायॉलॉजीच्या बाई पन्नाशीच्या, काटकुळ्या, कडक. त्यांनी वर्गाला दुधाच्या बाटल्यांमध्ये केळं कुस्करून त्यावर फळमाश्या वाढवायला लावल्या. कोणाचे डोळे लाल, कोणाचे पांढरे, पुढच्या पिढीत काय होतं, हे पोरांनी स्वतः मोजायचं. मी नागपूरला झूलॉजीत एम.एस्सी. केलेलं, याच माश्या मोजत दोन वर्षं काढलेली. इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेच्या पट्ट्या रंगवत होते. लेक घरी येऊन बाटल्यांबद्दल बोलायला लागली की मला माझं जुनं आयुष्य परत मिळाल्यासारखं वाटे. तिलाही आता हेच शिकायचं होतं, आणि ते त्या बाईंमुळे.

त्या वर्षी काही पालकांनी मागणी केली की पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आहे, तर त्याच्या जोडीला देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली हेही विज्ञान म्हणून शिकवा. छापील पानं तयारच होती. निर्णय शाळा बोर्डाच्या पाच जणांच्या हातात होता. दोघं मागणीच्या बाजूने, दोघं विरोधात. पाचवा एक तंबाखूचा शेतकरी होता. त्याची श्रद्धा त्या पानांवर होती, पण त्याला कोर्टाची धास्ती होती. एकाच धर्माची बाजू घेतली म्हणून कोणी दावा लावला तर बोर्ड अडचणीत येईल, असं तो उघड म्हणत होता. बाईंनी बोर्डाला लिहून दिलं होतं की ती पानं वर्गात आली तर मी शाळा सोडीन. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

म्हणून मी हवी होते. दुसऱ्या धर्माची आई समोर उभी राहिली की शेतकऱ्याची धास्ती पक्की होईल, असा बाईंचा हिशेब. "फक्त एवढंच बोला," त्या दोनदा म्हणाल्या. गाडीत लेकीनेही बजावलं. "आई, जस्ट द कार्ड. ओके? बाकी काही नको."

सभा शाळेच्या कॅफेटेरियात होती. मी ठेवणीतली चांगली साडी नेसले होते. माझी पाळी आल्यावर कार्ड वाचलं. आवाज थोडा कापला, पण वाचलं. कोणी टाळी वाजवली नाही. मी वळणार एवढ्यात बोर्डाचे अध्यक्ष माइककडे वाकले. विमा विकणारे गृहस्थ, बोलणं मोठं गोड.

"मॅम, राग मानू नका. तुमच्याकडे माकडाची पूजा करतात असं ऐकलंय. मग माकडापासून आलो म्हणायला तुम्हाला जड जात नसणार."

कॅफेटेरिया हसला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या लेकीने मान खाली घातली. ती घातलेली मान पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता एक कबुली देते. मॉरिसव्हिलच्या बाजूला महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा मराठी घरं जमायचो. तिथे एक काका होते. जेवणं झाली की हमखास सांगायचे, "डार्विनच्या आधी आपल्याकडे होतं सगळं. मत्स्य, कूर्म, वराह, एकदम करेक्ट ऑर्डर!" मी दरवेळी त्यांच्याशी भांडायचे. "काका, कासवाच्या पोटी डुक्कर जन्माला आलं असं कुठे लिहिलंय? देवाला वाटेल तेव्हा देव रूप घेतो. ही उत्क्रांती नव्हे, ही श्रद्धा आहे." काका म्हणायचे, "तू झूलॉजी शिकलीस, पण अभिमान नाही शिकलीस."

त्या संध्याकाळी मी काकांचं भाषण केलं. शब्दाला शब्द. मी म्हणाले, तुमचा ग्रंथ सहा दिवसांवर अडून बसला आहे, आमच्या पूर्वजांना मात्र हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आधी पाण्यातला मासा. मग पाण्यात आणि जमिनीवर राहणारं कासव. मग जमिनीवरचा वराह. मग अर्धा पशू, अर्धा माणूस. मग ठेंगू माणूस, आणि मग पुरता माणूस. माझा आवाज आता कापत नव्हता. इंग्रजी कधी नव्हे इतकं सफाईदार येत होतं. सगळे ऐकत होते. मला बाई दिसत होत्या. त्या 'नको, नको' अशी मान हलवत होत्या, आधी हळू, मग जोरात. मी थांबले नाही. मला थांबायचंच नव्हतं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी अध्यक्षांनीच.

"मॅम, मी तुमचा आभारी आहे," ते म्हणाले, आणि खरंच आभारी दिसत होते. "आम्ही एकाच धर्माची बाजू घेतो असा आमच्यावर आरोप होता. या मॅडमनी दाखवून दिलं की प्रत्येक समाजाकडे आपली हकिकत असते. मग सगळ्याच हकिकती वर्गात येऊ द्या. पोरं ठरवतील."

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याला कोर्टापासून वाचायची वाट सापडली होती, आणि ती मी दाखवली होती. तीन विरुद्ध दोन.

बाई निघून गेल्या. नवऱ्याने गाडी काढली, लेक मागे बसली. आणि मला लिहायलाही लाज वाटते, पण त्या गाडीत माझ्या कानात अजून टाळ्याच होत्या. आपण काय करून बसलो हे कळायला मला घरी येऊन, साडी बदलून, चहाचं पाणी ठेवायला लागलं. तिथे ओट्याशी उभ्या उभ्या मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी बाईंना भेटले. माफी मागितली. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही झूलॉजी शिकलात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुम्ही जे सांगितलंत ते विज्ञान नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हणाले.

त्या मान हलवून वह्या तपासायला लागल्या. नाताळच्या सुट्टीनंतर त्या परत आल्या नाहीत. सव्वीस वर्षं शिकवलेली शाळा त्यांनी सोडली. पुढे व्हर्जिनियात बहिणीकडे राहायला गेल्या असं ऐकलं. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही.

त्यांच्या जागी फुटबॉलचे कोच वर्ग घ्यायला लागले. भला माणूस, पण बायॉलॉजीत त्याला रस नव्हता. जानेवारीच्या शेवटी एक दिवस लेक शाळेतून आली, ती पानं टेबलावर टाकली आणि हात धुवायला गेली. एका पानावर तीन रकाने होते. एकात डार्विन, एकात बायबल, तिसऱ्यात आमचे दशावतार. मी कॅफेटेरियात बोललेलं कोणीतरी टिपून घेतलं होतं. वराहाचं चित्रही होतं, कुठल्यातरी पुस्तकातून काढलेलं, काळंकुट्ट.

मी पान वाचत असताना ती जेवायला येऊन बसली. कोचने तिला उभं करून तिसरा रकाना समजावून सांगायला लावला होता. मागच्या बाकांवरून डुकराचे आवाज आले. कोचने पोरांना दटावलं, ती तेही न विसरता सांगत होती. मग त्याने विचारलं, तिन्हींपैकी कोणाला काय पटतं, हात वर करा.

"आपल्याला कोणीच नाही केला," ती म्हणाली. "डार्विनला एकाने. त्याला सगळे हसले."

"एकाने? म्हणजे तू?"

तिने मान हलवली. नाही.

"मग तू कशाला हात वर केलास?"

"बायबलला."

माझा आवाज चढला. बाईंनी तुला एवढं शिकवलं, तू स्वतः त्या बाटल्यांतल्या माश्या मोजल्यास, तुला माहीत आहे खरं काय ते, मग हात कसा वर केलास, असं मी तिला विचारलं. मी, मी तिला हे विचारलं.

ती रागावली नाही. अगदी बाईंसारखीच शांत आवाजात म्हणाली, "तुलापण माहीत होतं ना, आई? तू एकदा बोललीस आणि घरी आलीस. आय हॅव टू गो देअर एव्हरी डे."

मग तिने ताट पुढे ओढलं आणि खाली मान घालून जेवायला लागली.