बदामाच्या दुधाचा ईमेल

अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या आमच्या शेजारच्या काकू आलेला ईमेल प्रिंट करतात आणि ओळीखाली पट्टी धरून वाचतात. ओळ पटली की स्वतःलाच म्हणतात, "बरं, पुढे?"

परवा कोर्टातल्या एका खटल्याच्या सेटलमेंटचा, म्हणजे तडजोडीचा, ईमेल आला. बदामाच्या दुधाच्या खोक्यावर कंपनीने खोटं छापलं, म्हणून गिऱ्हाइकांना भरपाई.

"स्कॅम असणार, डिलीट करा," मी म्हटलं. मलाही तोच आला होता.

"असणार म्हणजे? बघायला नको?"

ईमेलमधल्या नंबरला हात न लावता त्यांनी कोर्टाचा नंबर स्वतः शोधला. चाळीस मिनिटं होल्डवर बसून कारकुनाला केस नंबर वाचून दाखवला. केस खरी निघाली.

मी लगेच माझ्या फोनवर भरपाईचा फॉर्म भरून टाकला. पावती लागत नव्हती. 'मी हे दूध घेतलं होतं' यापुढे शपथेवर खूण करायची, बस.

प्रिंट केलेल्या फॉर्मवर काकूंची पट्टी नेमकी त्याच ओळीवर थांबली.

"पण मी कुठे घेतलंय? आपल्याकडे गाईचंच येतं." त्यांनी कागद उलटा करून मागे भाजीची यादी लिहायला घेतली. "तुझ्या ईमेलचं काय केलंस रे?"

"डिलीट केला," मी म्हणालो.