एकविसावा भाग

टेप यंत्रात सरकवण्याआधी आमचे शेजारी ती दोन्ही हातांत धरून किंचित वाकायचे. मग मला म्हणायचे, "घाई नको. आधी बसा."

एदोगावा भागातल्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दाराला लागून होतं. नवरा तोयोसुच्या ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि मी दिवसभर एकटी. कोणता कचरा कुठल्या वारी टाकायचा हे शिकवता शिकवता त्या आजोबांनी मला एका जुन्या सामुराई मालिकेसमोर बसवलं. मालिका साफ पडलेली. एकदा दाखवली आणि सगळे विसरले. त्यातले डोंगर कापडाचे, वारा आला की हलायचे. "हलतात म्हणून तर आम्ही हिच्या टेप जमवतो," ते गंभीरपणे सांगत. देशभरात असे वेडे सात-आठच असतील.

सव्वीस भागांपैकी एकविसावा कोणाकडेच नव्हता. दर रविवारी सकाळी ओसाकाहून दुसऱ्या एका संग्राहकाचा फोन यायचा.

"सापडला का?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

त्यानंतर तासभर गप्पा. दोघं कधी भेटलेले नव्हते, तरी आजोबा त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसत.

मला हा संथपणा बघवेना. मी इंटरनेटवर इंग्रजीत चौकशी केली. पंधरा दिवसांत तो भाग ब्राझीलमधल्या कुणाच्या तरी माळ्यावर निघाला. मी मोठ्या तोऱ्यात लॅपटॉप घेऊन गेले.

त्यांनी तो ताठ बसून पाहिला. उठून मला तीनदा वाकून नमस्कार केला. "फार त्रास घेतलात."

रविवारी त्यांनी ओसाकाला भाग सापडल्याचं खरं ते सांगितलं, नंतर प्रतही पाठवली. तो फोन पाच मिनिटांत आटोपला. पुढच्या रविवारी वाजलाच नाही.

"तुम्हीच करा ना," मी म्हटलं.

"काही काम नसताना? त्यांचा वेळ कशाला घ्यायचा."

शर्ट घालून बसणं मात्र सुटलं नाही. मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटू लागली.

त्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. पुतण्याकडून नंबर घेऊन ओसाकाला मीच कळवलं.

"दर रविवारी फोन हातात घ्यायचो," पलीकडून ते म्हणाले. "पण विचारणार काय?"

मग अगदी अदबीनं, "तो भाग शोधणाऱ्या बाई तुम्हीच ना? आभारी आहे."