साठ माणसांचे सुभेदार

सकाळी सात वाजता शेजारचे सुभेदारकाका अंगणात उभे राहून साठ माणसांना वाजवायला लावत, आणि अंगणात एकही माणूस नसे. समोर लोखंडी स्टँड, त्यावर उघडलेलं जाड पुस्तक, उजव्या हातात बारीक पांढरी काठी. नजर कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पार मागच्या पेरूच्या झाडाकडे. मध्येच थांबत आणि पेरूकडे बघून ओरडत, "तिसरा हॉर्न! झोपला का बे?" मग पान मागे उलटून पुन्हा सुरू. नालवाडीच्या त्या रस्त्यानं सायकलवर जाणारी माणसं हमखास वेग कमी करत. एकदा एकानं आमच्या फाटकाशी पाय टेकवून विचारलं, "बुढा बह्याड झाला का?" माझे बाबा म्हणाले, "नाई. मिल्ट्रीतून आला." त्या माणसाचं तेवढ्यानं समाधान झालं आणि तो गेला.

काका फौजेच्या बँडमध्ये होते. सतराव्या वर्षी भरती झाले, हातात क्लॅरिनेट मिळालं, सुरांची पाश्चात्त्य लिपी शिकले आणि चढत चढत बँडमास्तर झाले. मग त्यांना वर्षभराच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं. तिथं त्यांनी विसाव्या शतकातलं सिंफनीचं संगीत पहिल्यांदा ऐकलं. दर दोन पावलांवर चाल बदलणारं, गोड काही येईल म्हणून कान पुढे करावा तर अंगावर धावून येणारं. "बाकीचे मार्च शिकून आले, मी बिघडून आलो," असं ते सांगत. परत आल्यावर पलटणीला परेडसाठी मार्च हवे होते. काकांनी ते निवृत्तीपर्यंत चोख वाजवून घेतले. पण विलायतेहून आणलेल्या ट्रंकेत अकरा स्कोअर होते. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेलं पुस्तक. निवृत्त होऊन नालवाडीला घर बांधलं आणि त्यांनी ती ट्रंक उघडली. वाद्यवृंद नव्हता, म्हणून ते थांबले नाहीत. "फौज नाई म्हनून जनरलनं नकाशा पाहू नये का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

मी अकरा वर्षांची असताना त्यांच्या फाटकाशी उभी राहून हे रोज बघत असे. एक दिवस राहवलं नाही. "काका, तुमी उजवीकडं कोनाकडं पाहून राह्यले?"

"सेलो आहे तिथं. आठ जन. एक आज आला नाई. बस त्याच्या जागी."

काकूंनी मला पाट आणून दिला आणि मी न आलेल्या सेलोवाल्याच्या जागी बसले. सेलो म्हणजे पायांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, हे मला नंतर कळलं. चार महिने तिथं होते. मग पेरूखाली हॉर्न फुंकणाऱ्यांत, मग नगाऱ्यांपाशी. काका काठी माझ्याकडे करत तेव्हा माझी ओळ मी तोंडानं म्हणायची. चुकले की अख्खं अंगण थांबे. दोन वर्षांत मी प्रत्येक वाद्याच्या जागी बसून झाले, तरी काठीला हात लावू दिला नाही. "जो मानूस शेवटच्या खुर्चीवर बसला नाई, त्यानं समोर उभं राहू नये," हा त्यांचा कायदा होता.

त्यांच्या शिकवण्यात विलायत कमी आणि वर्धा जिल्हा जास्त असे. स्कोअरला ते सातबारा म्हणत आणि दोन ओळींमधल्या जागेला धुरा, म्हणजे शेताचा बांध. "पाह्य, कोनाचं वावर कुठून सुरू होते. धुरा वलांडला का भांडन." पाच मात्रांची चाल हाताला बसेना, तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात आपटत म्हणायला लावलं, "गहू कपाशी, गहू कपाशी." सात मात्रा आल्या की "गहू गहू कपाशी." गहू म्हणजे दोन, कपाशी म्हणजे तीन. काकू भाजी चिरता चिरता आमच्याबरोबर म्हणायच्या, आणि त्यांचं कधी चुकत नसे.

दहावीला शाळेत सरांनी पुढं काय होणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, कंडक्टर. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "एस.टी.त मुली घेतात आता, चांगलं आहे." मी घाईघाईनं सांगितलं की ऑर्केस्ट्राची कंडक्टर. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे लग्नातली गाणी?" मी रडत काकांकडे आले. वाटलं, ते चिडतील. ते म्हणाले, "त्याले सांगाचं, हाव, एस.टी.च आहे. साठ पॅसेंजर, प्रत्येकाचा थांबा वेगळा, आन् गाडी कोनासाठीच थांबत नाई." दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य वर्गात जसंच्या तसं म्हटलं. पुन्हा कुणी हसलं नाही.

त्याच वर्षी काकांनी अखेर काठी माझ्या हाती दिली, आणि खरं वादळ आलं ते घरातूनच. अल्लीपूरहून आबाजी आले, माझ्या बाबांचे वडील. त्यांच्या तरुणपणी गावातल्या प्रत्येक वरातीपुढे आमच्या वस्तीनं डफडं वाजवायचं असा रिवाज होता. त्याला बोलावणं नसे, हुकूम असे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आबाजींनी आणि त्यांच्या चार सोबत्यांनी डफडी खाली ठेवली. त्या वर्षी वस्तीतल्या कुणालाही गावात मजुरी मिळाली नाही. आबाजी रोज पायी दुसऱ्या गावी कामाला जात, पण डफड्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. अशा माणसानं सकाळी फाटकातून पाहिलं, तर नात हातात काठी घेऊन उभी, आणि शेजारी एक फौजी क्लॅरिनेट वाजवतोय.

ते सरळ आत शिरले. "सुभेदार, आमी हातची डफड्याची काडी खाली ठेवली म्हनून हे पोट्टी शाळेत गेली. तुमी तिच्या हाती पुन्हा कायले देऊन राह्यले?"

काका उठून उभे राहिले. क्लॅरिनेट बाजूला ठेवलं. "आबाजी, हे वाजवनार नाई. हिच्या हातावर दुसरे वाजवतील."

"कोन दुसरे?"

"जे असतील ते. सायबाचे पोट्टे, पाटलाचे पोट्टे, गोरे लोकं."

आबाजींनी माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् हिनं हात खाली घेतला तं?"

"तं सगळे चूप."

"सगळे?"

"एक जरी वाजला, तं त्याले घरी पाठवनं हिच्या हाती."

आबाजी खुर्चीवर बसले. काकूंनी चहा आणला. तो बशीत ओतून सावकाश पिऊन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे शिकाले किती वर्सं लागते?"

"दहा-बारा."

"मंग उभी काऊन आहे? कर सुरू."

पुढं मी मुंबईत संगीताचं शिक्षण घेतलं, पण ज्या संगीतासाठी हे सगळं चाललं होतं ते तिथं वरवरच शिकवत. युरोपातल्या एका शहरात त्याच संगीताचं, वाद्यवृंद चालवणाऱ्यांसाठीचं उच्च प्रशिक्षण आहे असं कळलं. वर्षाला बारा जणांना घेत. अर्जासोबत चित्रफीत हवी होती, आणि माझ्याकडे वाद्यवृंद नव्हता. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी सिंदीले येजो."

सिंदी रेल्वे या गावच्या शाळेच्या हॉलमध्ये तेरा माणसं बसली होती. तिथल्या लग्नाच्या बँडमधले नऊ जण, पोलीस बँडमधून निवृत्त झालेले दोघं, वर्ध्याचे व्हायोलिन शिकवणारे एक सर, आणि क्लॅरिनेट घेऊन स्वतः काका. बहुतेकांना लिपी वाचता येत नव्हती. काकांनी पंधरा दिवस रोज सिंदीला जाऊन प्रत्येकाची ओळ तोंडी पाठ करून घेतली होती. बँडचे मालक प्रकाशभाऊ ट्रम्पेट पुसत म्हणाले, "साहेब, पन हे गानं कोनतं आहे?" काका म्हणाले, "गानं नाई हे. झगडा आहे. पन वेळेवर कराचा." आम्ही वाजवलं. मधल्या शांत जागी बाहेरून मालगाडी गेली आणि फितीत नीट ऐकू आली. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. काकांनी नकार दिला. "गाडी आपल्या गावची आहे. राहू दे."

नकाराचं पत्र आलं. उमेदवाराला नामवंत वाद्यवृंदाबरोबरचा अनुभव नाही, तो घेऊन पुन्हा अर्ज करावा. मी दोन दिवस जेवले नाही. काकांनी चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचलं आणि त्यांच्या फौजी इंग्रजीत उत्तर लिहिलं. त्याचा मराठीत अर्थ असा: "लिपी न वाचणाऱ्या माणसांकडून या मुलीनं सात मात्रांचं काम चोख करून घेतलं आहे. आपल्याकडच्या किती उमेदवारांनी हे केलं आहे, कृपया कळवावं." खाली सही, हुद्दा, नालवाडीचा पत्ता. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी मी म्हटलं, मुंबईत कुणाचे हातपाय जोडून चांगला वाद्यवृंद मिळतो का बघते. काका भडकले. माझ्यावर ते तेवढे एकदाच भडकले. "तेच लोकं. तोच हॉल. तोच तुकडा. फक्त यंदा त्यायले नाई म्हनता येऊ नये असा वाजवाचा." आम्ही तसा वाजवला. त्या वर्षी माझी निवड झाली.

तिथं पहिल्या दिवशी मी हात उचलला आणि समोर खरोखर साठ माणसं वाजली, तेव्हा तिसऱ्याच आवर्तनाला माझा हात थांबला. उजवीकडे आठही सेलो हजर होते. पण आमच्या शिक्षिका, सत्तरीच्या एक करारी बाई, आठवडाभर बघून म्हणाल्या, "तुझा हात शिपायाचा आहे. प्रत्येक मात्रा मोजून दाखवतेस. या लोकांना मोजता येतं. कुठं जायचंय ते दाखव." मला ते काकांवर केलेल्या वारासारखं लागलं. रागारागानं मी नालवाडीला फोन लावला. मला वाटलं होतं, काका त्या बाईंनाही पत्र लिहितील.

"खरं बोलते ते बाई," काका म्हणाले. "मोडून टाक."

"काय मोडू?"

"माहं शिकवलेलं. मले जेवढं येत होतं तेवढं मी तुले देल्लं. तेच बरोबर आहे असं म्या कधी म्हनलं?" मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हवा बदलली. ठेव फोन, तुहा वेळ वाया जाते."

प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षा म्हणून प्रत्येकानं श्रोत्यांसमोर एक भाग सादर करायचा होता. माझ्या वाट्याला आला तो भाग मी काकांच्या मोजणीशिवाय, फक्त वाट दाखवत नेला. बाई नुसत्या मान हलवून हसल्या. मी आत आले आणि फोन वाजला. काकू होत्या. त्यांनी आधी विचारलं, "झाली का परीक्षा?"

"झाली, काकू. चांगली झाली."

"मंग ऐक बाई. काका गेले. मंगळवारी."

तो दिवस शुक्रवारचा होता. फुप्फुसाचं दुखणं मी निघायच्या आधीपासूनचं होतं आणि परीक्षा झाल्याशिवाय मला कळवायचं नाही असं त्यांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं. मी काकूंवर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवतही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले बी राग आलता. म्या त्यायले म्हनलं, पोरगी जलमभर बोलनार नाई माह्यासंग. तं म्हने, बोलंल. पयले भांडंल, मंग बोलंल."

दोन वर्षांनी मुंबईत माझा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. कार्यक्रमपत्रिकेसाठी परिचय मागितला, तेव्हा मी पहिल्या ओळीत काकांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि मी त्यांच्याकडे किती वर्षं शिकले ते लिहिलं. संयोजकांचा फोन आला. गृहस्थ सभ्य होते. "मॅडम, युरोपातलं प्रशिक्षण ठळक छापू. पहिली ओळ मात्र काढतो. नालवाडी कुणाला माहीत? आणि हे कोण, असं लोक विचारतील."

"विचारतील म्हणूनच लिहिलंय."

"ते नाही जमणार."

"मग काहीच छापू नका."

त्यांना वाटलं मी रागात बोलतेय, उद्या ऐकेन. मी ऐकलं नाही. पत्रिका छापून आली. व्हायोलिन वाजवणाऱ्या पाहुण्यांची माहिती पानभर होती. माझ्या पानावर माझं नाव होतं आणि खाली सगळं कोरं.

काकू वर्ध्याहून कार्यक्रमाला आल्या होत्या. सुरू व्हायच्या आधी त्या मला भेटायला आत आल्या. पत्रिका पुढे करून म्हणाल्या, "हे कोरं काऊन सोडलं?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं. "पेन आहे का तुह्याजवळ?" स्कोअरवर खुणा करायची माझी पेन्सिल मी त्यांना दिली. ती घेऊन त्या बाहेर गेल्या.

वेळ झाली तशी मी विंगेतून प्रेक्षागृहात डोकावले. काकू तिसऱ्या रांगेत, मांडीवर पत्रिका ठेवून, चष्मा नाकावर ओढून काकांचं पूर्ण नाव हुद्द्यासकट लिहीत होत्या. त्यांची स्वतःची पत्रिका केव्हाच लिहून झाली असावी, कारण ही शेजारच्या बाईंची होती. ती परत देऊन त्यांनी पलीकडच्या माणसापुढे हात केला, आणि त्यानं काही न विचारता आपली दिली. मागच्या रांगेतल्या दोघीतिघी आपापल्या पत्रिका पुढे धरून वाकल्या होत्या. वाद्यवृंद जागेवर बसला होता. रंगमंचाची व्यवस्था बघणारा माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चला मॅडम, दिवे घालवतो."

मी म्हटलं, "थांबा. त्यांचं लिहून व्हायचंय."