नळ्या आणि नळाचं पाणी

तळघरातलं, रेणू तपासायच्या चुंबकाचं पिंप आणि ते चालवणाऱ्या ताई, दोघं एकाच वर्षी त्या इमारतीत आले. पिंपाला थंड राहायला दर आठवड्याला न चुकता द्रव नायट्रोजन मिळायचा. ताईंना वर्षातून एकदा मुदतवाढ, तीही विभागप्रमुख सरांच्या मर्जीवर. एकोणीस वर्षं कंत्राटावर! आणि म्हणे, आमची संस्था म्हणजे एक कुटुंब.

पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळीत नमुना भरायचा, नळी पिंपात सोडायची, पडद्यावर उमटलेल्या रेघा वाचायच्या. नळ्या धुणाऱ्या बाईला कमी केल्यापासून धुणंही ताईंच्याच गळ्यात पडलं होतं.

वरच्या मजल्यावरची संशोधक मुलगी चार वर्षं एका क्राउन ईथरच्या मागे होती. क्राउन ईथर म्हणजे अणूंचं कडं, मधे मोकळी जागा. धातूचा आयन तिथे बसला की पडद्यावरची रेघ सरकते. तिचं कडं पोटॅशियमला घट्ट धरेल, असा तिचा दावा. पण त्या दिवशी थेंबाथेंबाने पोटॅशियम वाढवत नेलं, तरी रेघ जेमतेम हलली.

सर म्हणाले, "सोड हा रेणू. सोमवारी तुझ्या प्रबंधाच्या समितीला कळवतो."

"सर, चार वर्षं..."

"विज्ञानात रडायचं नसतं." सर गेले. यांना काय, सांगायला जीभ पुरते.

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. पहिल्या नमुन्यात धातू नव्हताच, तरी रेघ सरकलेली? त्यांनी दोन महिन्यांपूर्वीची नोंद उघडली. तेच कडं, तेच द्रावण, रेघ मात्र दुसरीकडे. म्हणजे कड्यात आधीच कोणीतरी येऊन बसलं होतं. कोण, ते त्यांना लगेच कळलं.

डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र चार महिने बंद होतं. तीन अर्ज झाले, उत्तर एकच, "बघतो." ताई शेजारच्या इमारतीतून, दोन जिने चढउतार करत, कॅन वाहायच्या. गेल्या गुरुवारी गुडघा इतका ठणकत होता की शेवटचं विसळणं त्यांनी नळाखालीच उरकलं. एकदाच तर! पाणी वाळलं, त्यातले क्षार नळीत राहिले आणि त्या क्षारांतले धातूचे आयन कड्यात जाऊन बसले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "गप्प बस. या आठवड्यात तुझी फाइल सरांकडे आहे. सही होऊ दे."

"आणि त्या पोरीचं?"

"ती तुझी कोण लागते?"

"कोणी नाही. नळ्या मात्र माझ्या हातच्या."

सकाळी ताईंनी दोन कॅन आणले, दहा नळ्या धुतल्या, वाळवल्या आणि मुलीला बोलावलं. "तोच नमुना परत भर."

"आता कशाला ताई? सरांनी फाशी दिली की त्याला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर मी आहे." ताईंनी सगळं सांगितलं.

"कालपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही, ताई!"

"शिव्या नंतर दे. आधी नळी भर."

धातूविना रेघ जुन्या जागी आली. मग पोटॅशियमचा थेंब पडला की ती सरकायची. सरकत सरकत, कड्याला आयन पुरेसे झाले तिथे थांबली. मुलगी खुर्चीत बसून हसायला लागली, मग नाक पुसायला लागली.

सर आले तेव्हा नोंदवही उघडीच होती. 'गुरुवारच्या नळ्या नळाच्या पाण्याने विसळल्या. मी.'

"हे लिहायची काय गरज होती? तुमची फाइल माझ्या टेबलावर आहे, ताई."

"माहितीय. तिच्याखाली यंत्राचे तीन अर्जही असतील. तेवढे वर काढा."

सरांनी आलेख बघितला. "रेणू राहू दे," एवढंच मुलीला म्हणाले. फाइल तशीच टेबलावर राहिली.

ताई स्टुलावर टेकल्या. गुरुवारच्या उरलेल्या तीस नळ्या अजून परत धुवायच्या होत्या. मुलीने रिकामे कॅन उचलले.

"दोन जिने आहेत गं," ताई म्हणाल्या.

"असू देत."

ताईंनी नको म्हटलं नाही. तेवढंही बळ उरलं नव्हतं.