आधी विनू, मग मोठे डॉक्टर

बायांनो, पहिली आली शेजारची यमू. मागोमाग आमचा नातू विनू, मुंबईच्या इस्पितळातला शिकाऊ डॉक्टर. बरोबर त्याचे मोठे डॉक्टर. ते पावस गावी सासुरवाडीस आलेत, म्हणून विनूने त्यांना आमच्या ह्यांची धाप बघायला आणले.

मोठे डॉक्टर खुर्चीत बसले. "विनायक, आधी तू."

यमू पुटपुटली, "म्हाताऱ्यावर शिकतायत होय?"

विनू म्हणाला, "दमा वाटतो."

"पाय दाबून बघितलेस?" मोठ्यांनी विचारलं.

दाबले, तर बोटाचा खळगा तसाच राहिला. विनू ओशाळला. "पायांना सूज आहे, म्हणजे दमा नाही. हृदय थकलंय."

मग मोठ्यांनी स्वतः सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे औषध लिहिलं. इस्पितळात रोज असंच म्हणे, त्यामुळे धाकट्याची चूक रोग्यापर्यंत पोचत नाही. मला फार आवडलं. तुमच्याकडे धाकट्याला आधी बोलू देतात?

सूज उतरली का बघायला दोघे सोमवारी येतायत. आधी विनूच बोलणार.